चुलवाणवाल्याची फायरप्लेस

"तीन," मी म्हणालो.

टिपणीसबाईंनी पेन कागदावरून उचललं. "कुठे कुठे?"

"एक आमच्या खालच्या अंगाला. एक जरा वर. आणि एक पाडली."

"पाडली?"

"मालकानं. बांधून झाल्यावर."

"का रे?"

"त्येला दुसरी पायजे होती."

बाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं. एकतीस वर्षं शाळेत घालवलेली बाई, थापा ऐकायची सवय होती त्यांना. मला वाटलं, आता उठून दार दाखवतील. पण त्यांनी फॉर्मवर स्वच्छ अक्षरात 'तीन' लिहिलं आणि शाई वाळावी म्हणून फुंकर मारली.

*नियम ६. फायरप्लेस दुरुस्त करणाऱ्या कारागिराने यापूर्वी अशी किमान तीन कामे केलेली असावीत.*

समोरच्या भिंतीत एक काळं भोक होतं. त्यात दोन छत्र्या आणि एक तुटकी बॅडमिंटनची रॅकेट ठेवलेली होती. त्या भोकालाच फायरप्लेस म्हणतात हे मला तासाभरापूर्वी कळलं होतं.

याला आता तेहतीस वर्षं झाली. मी चोवीस वर्षांचा होतो, दिनकर कुंभार, घाटाखालच्या गावातून एका शाळेच्या कंपाउंडच्या कामावर डोंगरावर आलेला. कंपाउंड संपलं आणि दुसरं काम मिळेना. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, त्या टोकाच्या बंगलीतल्या रिटायर बाईंना विटांचं काम करणारा माणूस हवाय, लगेच.

लगेच का, ते बाईंनीच सांगितलं. त्या एकट्या राहायच्या. मागच्या थंडीत त्यांना दोनदा छातीचं दुखणं झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, या गारठ्यात राहू नका. पुण्याहून धाकटा भाऊ न्यायला आला. खूप वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: दत्तजयंतीपर्यंत घर उबदार झालं तर बाई इथंच राहतील. नाही झालं तर भावाबरोबर पुण्याला जातील, कायमच्या.

"मग जावा की बाई," मी म्हणालो. "पुण्यात काय वाईट हाय?"

"मुकुंदच्या घरात मला एक खोली मिळेल. तिच्या एका बाजूला त्याच्या बायकोचा टीव्ही आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या बायकोची भिशी. मी तिथे सहा महिन्यांत मरेन, दिनकर, आणि उबेत मरेन."

"आन् न्हाई गेला तर?"

"शब्द दिलाय. दिलेला शब्द मला मोडता येत नाही. फार वाईट खोड आहे ही, पण आहे."

दत्तजयंतीला बावीस दिवस होते.

*नियम १. धुराडे आतून स्वच्छ व अखंड असावे.*
*नियम २. धुराडे व जाळाची जागा यांपासून नऊ इंचांच्या आत लाकूड नसावे.*
*नियम ३. जाळासमोर किमान अठरा इंच दगडी फरशी असावी.*
*नियम ४.*
*नियम ५. धुराड्याच्या तोंडावर ठिणग्या अडवणारी जाळी असावी.*

चौथ्या नियमाची ओळ सायक्लोस्टाईलमध्ये उमटलीच नव्हती. नुसता आकडा आणि पुढं एक निळा डाग. काही वर्षांपूर्वी एका बंगल्याचं छप्पर फायरप्लेसच्या ठिणगीनं पेटलं, तेव्हापासून नगरपालिकेनं बिनपरवाना जाळ करायला बंदी घातली होती. आधी अर्ज, मग दुरुस्ती, मग साहेबांची तपासणी, मग परवाना.

"चौथा नियम काय असंल?" मी विचारलं.

"नसलेल्या नियमाची काळजी नसलेल्या माणसाने करावी," बाई म्हणाल्या. "तू कामाला लाग."

मी कामाला लागलो. आता मला येत काय होतं ते सांगतो. मला चुलवाण बांधता येत होतं. चुलवाण म्हणजे गुऱ्हाळातली भट्टी. वर लोखंडाची भलीमोठी काहील, तिच्यात उसाचा रस. खाली जाळ. मागं धुराडं. रस तासन् तास खदखदायचा तर जाळाला ओढ पाहिजे, असली ओढ की चिपाड तोंडाशी धरलं की हातातून निसटून आत गेलं पाहिजे. आमचे आबा पंचक्रोशीत त्या ओढीसाठी प्रसिद्ध होते. मी त्यांच्या हाताखाली शिकलो.

तेव्हा मी छत्र्या आणि रॅकेट बाहेर काढली आणि त्या भोकात चुलवाण बांधलं.

गोणपाटात वीट गुंडाळून, दोर बांधून ती धुराड्यात वरखाली केली. पाखरांची घरटी निघाली, मधमाश्यांचं वाळलेलं पोळं निघालं, एक टेनिसचा चेंडू निघाला. बाईंनी चेंडू धुऊन कपाटात ठेवला. जाळाच्या मागची भिंत फुटून पोखरली होती, ती उतरवून भट्टीच्या विटेची एकेरी भिंत घातली. तिच्यापुढं लोखंडाचा जाड पत्रा उभा केला. पत्रा कशाला, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. चुलवाणात लोखंड असतं, म्हणून. मग धुराड्याचा घसा आबांनी शिकवला तसा निमुळता करत नेला.

बाई रोज स्टूल टाकून समोर बसायच्या, शाल पांघरून, खोकत.

"इतकं निमुळतं?"

"वढ बसाय पायजे ना बाई."

"किती ओढेल?"

"मांजर जवळ बसवू नका."

"माझ्याकडे मांजर नाही."

"मग बरं हाय."

कधीकधी त्या उठून आत जायच्या आणि बऱ्याच वेळानं यायच्या. एकदा त्यांनी मला त्यांच्या झोपण्याच्या खोलीतला सागवानी पलंग बाहेर काढायला लावला आणि शाळेच्या होस्टेलमधून एक लोखंडी खाट मागवून घेतली. मी विचारलं तर म्हणाल्या, सागवानीवर झोप लागत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या लहरी, मी म्हटलं, आणि गारा कालवायला घेतला.

*दत्तजयंती.*

पहिल्या गाडीनं मुकुंदराव आले. उंच, वाकलेले, गळ्यात मफलर, पाठीला पट्टा. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. एक हात कमरेवर ठेवून दारातूनच म्हणाले, "ताई, तब्येत काय म्हणते?" आणि उत्तराची वाट न बघता पिशवीतून हातभर लांब थर्मामीटर काढला.

"हे काय आणलंस?"

"उगीच तू म्हणायचंस ऊब आहे, मी म्हणायचं नाही. यंत्राला विचारू."

बाई हसल्या. पण थर्मामीटर हॉलच्या भिंतीवर टांगताना त्यांनी खिळा दोनदा चुकवला, ते मी पाहिलं.

अकरा वाजता नगरपालिकेचे गायकैवारी साहेब आले. ठेंगणे, पन्नाशी उलटलेले, माकडटोपी, पट्ट्याला मोजपट्टी लटकवलेली. चहा नको म्हणाले. "आधी नियम, मग चहा. चहा आधी घेतला की नियम ढिले होतात, असा माझा अनुभव आहे."

पहिला नियम: धुराड्यातून बॅटरी मारली. पास. दुसरा: भिंतीभोवती मोजपट्टी लावत आत-बाहेर फिरले. झोपण्याच्या खोलीत खाटेजवळ थांबले, बोटानं टकटक केलं. "लोखंडी," स्वतःशीच म्हणाले आणि पुढं गेले. तिसरा: अठरा इंच मागितले होते, मी वीस दिले होते. पाचवा: जाळी बघायला ते त्या वयात शिडीवर चढले आणि उतरताना माझ्या खांद्यावर पाय देऊन उतरले.

"सातवा," ते म्हणाले. "धुराची चाचणी. ओलं गवत आणि लाकडं पेटवा. पंधरा मिनिटं. खोलीत धूर आला की नापास."

मी काडी लावली.

ओल्या गवताचा धूर एक गिरकी घेऊन उठला, आणि मग वरून कुणी शेपूट धरून ओढल्यासारखा सरळ धुराड्यात गेला. लाकडं धरली. जाळ घोंघावायला लागला. अगदी आबांच्या चुलवाणासारखा. माझी छाती भरून आली.

मग खिडकीचा पडदा आमच्याकडं तिरपा झाला. दाराखालच्या फटीतून शीळ वाजायला लागली. साहेबांच्या हातातले कागद फडफडले, ते त्यांनी काखेत दाबले. मुकुंदरावांच्या मफलरचं टोक उचललं गेलं आणि जाळाकडं बोट दाखवल्यासारखं उभं राहिलं.

मुकुंदराव थर्मामीटरपाशी उभे राहून मोठ्यानं वाचत होते:

अकरा पस्तीस. पंधरा.

अकरा चाळीस. पंधरा.

अकरा पंचेचाळीस. चौदा.

अकरा पन्नास. "ताई! तेरा!"

"नीट बघ."

"नीटच बघतोय. जाळ पेटवल्यापासून खोली दोन अंशांनी गार झाली. ही फायरप्लेस आहे का पंखा?"

खरंच होतं. बाहेरची सगळी थंडी फटीफटीतून आत येत होती, आमच्या पोटऱ्यांवरून वाहत जाळाकडं जात होती आणि धुराड्यातून वर. मी डोंगरावरची हवा उकळायला घेतली होती.

"धूर नाही," गायकैवारी साहेब म्हणाले आणि खूण केली. "सातवा पास. उत्कृष्ट पास."

"अहो साहेब, पण माणसं गारठली!"

"नगरपालिकेचा नियम धुराचा आहे. ऊब मालकानं बघायची."

"मालकिणीनं बघितली. ताई, शब्द आठवतोय ना?"

"आठवतोय," बाई म्हणाल्या. शाल घट्ट केली आणि त्या खुर्चीत बसल्या. "अजून संपलं नाही, मुकुंद."

"आता सहावा," साहेब म्हणाले. "कारागीर. तीन कामं लिहिलीत. कुठली?"

"एक खालच्या अंगाला..." मी सुरू केलं.

"खालच्या अंगाला म्हणजे? या डोंगरावरची एकूणएक फायरप्लेस मी तपासलीय. मालकाचं नाव?"

जाळ घोंघावत होता. मी बाईंकडं पाहिलं. त्या हाताच्या नखांकडं बघत होत्या.

"साहेब, एक बी न्हाई."

"काय एक बी नाही?"

"फायरप्लेस. ही पयली. मी चुलवाणं बांधतो. गुऱ्हाळाची."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, ते टोपण बसल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मुकुंदराव हळू आवाजात, अगदी मायेनं म्हणाले, "ताई, बॅग भरायला घे. मी मदत करतो."

बाई उठल्या. खरंच उठल्या. मला वाटलं, त्या आत जाऊन कपाट उघडणार, आणि त्यांना इथून घालवणारा मी. मुकुंदराव नाही, डॉक्टर नाही. मी, तीन म्हणणारा.

पण त्या आत गेल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, आमच्या कागदावर चौथा नियम उमटलेला नव्हता. तो तुमच्याकडे आहे का?"

"मूळ प्रतीत आहे, तो शेवटी घ्यायचा होता. पण आता त्याचा उपयोग काय?"

"तपासणी पुरी झाली पाहिजे. अर्धवट शेरा कसा मारणार?"

हे साहेबांना पटलं. अर्धवट गोष्ट त्यांना सोसत नसावी. त्यांनी काखेतल्या कागदांतून एक जुना, कडा झिजलेला कागद काढून वाचला.

*नियम ४. जाळ तासभर पेटता ठेवून, जाळाच्या मागील भिंतीवर पलीकडच्या खोलीतून उघडा तळहात ठेवावा. शंभर अंक मोजेपर्यंत हात सहजपणे ठेवता आला पाहिजे.*

मागची भिंत मी एकेरी केली होती आणि पुढून लोखंड. जाळ तर असा की पाच-दहा मण रस उकळला असता.

तास होईपर्यंत चहा झाला. साहेबांनी नियम ढिला करून एक कप घेतला. तेरा अंशांत चहा लगेच गार होत होता. मुकुंदराव पाठ चोळत येरझाऱ्या घालत होते, जाळापासून लांब.

मग आम्ही चौघं बाईंच्या झोपण्याच्या खोलीत गेलो. साहेबांनी बाही वर केली आणि भिंतीवर हात ठेवला.

"एक. दोन. तीन."

मी डोळे मिटले.

"एकोणीस. वीस."

"भाजतंय?" मुकुंदरावांनी विचारलं.

"मधे बोलू नका. बावीस."

साठ झाले. ऐंशी झाले. साहेबांचा आवाज हळूहळू मऊ झाला. नव्वद. पंच्याण्णव. शंभर.

"पास?" बाईंनी विचारलं.

"एकशे एक," साहेब म्हणाले. "एकशे दोन."

मी डोळे उघडले. साहेबांनी दुसरा हातही भिंतीला लावला होता. माकडटोपी काढून गाल लावायच्या बेतात होते. एकशे तीस झाले तेव्हा आमच्याकडं लक्ष गेलं आणि ते खाकरले.

"हात सहजपणे ठेवता येतो," ते म्हणाले.

"बघू," मुकुंदराव म्हणाले. त्यांनी तळवा लावला. भुवया वर गेल्या. मग ते वळले आणि पाठ लावली. तोंडातून बारीक आवाज निघाला, वासराला चाटल्यावर निघतो तसला. पट्टा सोडला. लोखंडी खाटेवर टेकले, पाठ भिंतीला, पाय लांब.

"थर्मामीटर आणू का मुकुंदराव?" मी विचारलं.

"आण," ते म्हणाले.

मी आणून खुंटीला टांगला. पारा बावीसवर गेला. मोठ्यानं वाचायला सांगायचं म्हणून मी वळलो, तर वाचणारा माणूस घोरत होता.

गायकैवारी साहेबांनी मला खिडकीजवळ बोलावलं, हळू आवाजात. "किती चुलवाणं बांधलीस?"

"आबांसंगं एकोणीस."

"त्यावर छप्पर कसलं असतं?"

"उसाचं पाचट."

"किती पेटली?"

"एक बी न्हाई, साहेब. पेटलं तर गुऱ्हाळवाला आम्हालाच पेटवील की."

त्यांनी फॉर्मवर बोट टेकवलं. "माहितीये का, हा सहावा नियम मीच एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून उतरवला. तीन फायरप्लेस बांधलेला माणूस या डोंगरावर जिवंतच नाही. गेली सात वर्षं प्रत्येकजण मला तीनच सांगतो." त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं. "तो तीन खोड. शेजारी खरं लिही आणि सही कर."

मी खोडलं. लिहिलं: एकोणीस चुलवाणं, फायरप्लेस ही पहिली. खाली साहेबांनी लिहिलं: *समक्ष पाहिले. एका हंगामासाठी परवाना. हंगामानंतर पुन्हा तपासणी, मी स्वतः करीन.* मग शिक्का काढला, खाटेकडं बघितलं, परवाना बाईंच्या गोधडीवर ठेवला आणि आवाज होणार नाही असा दाबला.

ते गेल्यावर मी अवजारं गोळा केली. बाई हॉलमध्ये येऊन जाळापुढं उभ्या राहिल्या. पदर जाळाकडं फडफडत होता.

"बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो."

"कधी?"

"पयल्याच दिवशी. तीन म्हणालो."

"अरे, पण तू त्याच्या आधी काय बोललास?"

"काय?"

"आठवत नाही? दारातून आत आलास, चपला काढल्यास, त्या भोकात डोकं घातलंस आणि मला विचारलंस, बाई, काहील कुठं बसणार?"

मला खरंच आठवत नव्हतं.

"मी एकतीस वर्षं आठवीला उष्णता शिकवली, दिनकर. कुठून निघते, कशातून जाते, कुठं जाऊन बसते. तुझ्याआधी तीन अनुभवी लोक येऊन गेले. तिघांनीही हे भोक बुजवा म्हणून सांगितलं. तू एकटाच असा आलास की ज्याला उष्णता एका जागी न्यायची होती. फक्त ती जागा रिकामी होती." त्या खोकल्या. "मग मी तिथे माझी खाट नेली."

"आन् हॉलमंदी तेरा झालं तेव्हा तुमी गप बसलात?"

"हॉलमध्ये बसतंय कोण? पाहुणे. त्यांना तेरा पुरे." मग म्हणाल्या, "भिंत हाताला सोसेल इतकीच तापेल का, ते मात्र मलाही माहीत नव्हतं. तेवढं एक गणित मला सुटत नव्हतं. रात्रभर झोपले नाही."

आतून मुकुंदरावांनी कूस बदलल्याचा आवाज आला. खाट करकरली आणि पुन्हा घोरणं सुरू झालं. बाईंनी खुर्चीवरचा भावाचा कोट उचलला, झटकला, खिशातून एस.टी.ची दोन तिकिटं काढली आणि उजेडात धरली. पाचची गाडी, पुणे. दोन जागा, खिडकीची एक.

"बघ," त्या म्हणाल्या. "खिडकीची माझ्यासाठी घेतली होती त्याने."

मग दोन्ही तिकिटं माझ्या हातात दिली.

"स्टँडवर जाऊन रद्द करून ये."

"तुमचं एकच ना बाई? त्यास्नी तर जायाचंय."

"उठवून बघ," बाई म्हणाल्या.

मी आत डोकावलो. मुकुंदराव भिंतीला गाल लावून झोपले होते. मी खांद्याला हात लावला तर डोळे न उघडता म्हणाले, "तिला सांग, अजून दोन लाकडं टाक."

मी दोन लाकडं टाकली आणि दोन्ही तिकिटं घेऊन स्टँडवर गेलो.